एएफचं अ‍ॅब्लेशन: झटका, चटका, बर्फ आणि पुन्हा झटका

जुना_वागळेकर (धागाकर्ता), ठाणे

मंडळी, आमच्या छातीत हल्ली जे चाललंय त्याला डॉक्टर पॅरॉक्सिस्मल एएफ म्हणतात. एएफ म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन. आपलं आपण येतं, काही तासांनी आपलं आपण जातं. गोळ्या चालू आहेत, तरी तलावपाळीला एक चक्कर मारताना मध्येच कठड्यावर टेकावं लागतं. आता अ‍ॅब्लेशनचा विषय निघालाय आणि आरएफ, क्रायो, पीएफए असे तीन पर्याय पुढ्यात आलेत. अ‍ॅब्लेशन म्हणजे शिरेतून हृदयात तार नेऊन बिघाड करणारा भाग मारून टाकणं: आरएफ (रेडिओफ्रिक्वेन्सी) जाळून, क्रायो गोठवून आणि पीएफए विजेच्या स्पंदांनी. तिन्हींचे दर वेगळे, आणि तिन्ही पत्रकांत आमचंच उत्तम. जन्मभर वागळे इस्टेटमध्ये कंट्रोल पॅनल बनवली, त्यामुळे पत्रकावर भरवसा ठेवायची सवय नाही. म्हणून मुळापासून वाचायला घेतलं. इथे डॉक्टर आणि कॅथलॅबमधली (असे तारेचे उपचार होतात त्या विभागातली) मंडळी आहेत, चुकेल तिथे कान धरा.

आधी यंत्रणा. निरोगी हृदयात उजव्या एट्रियमच्या, म्हणजे वरच्या उजव्या कप्प्याच्या, कोपऱ्यातला सायनस नोड ठोका सुरू करतो. तो ठोका वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधल्या एव्ही नोडपाशी येतो, क्षणभर अडतो आणि मग खालचे कप्पे आकुंचन पावतात. एएफमध्ये वरच्या कप्प्यांत मिनिटाला ३५० ते ६०० च्या घरात दिशाहीन लहरी फिरतात. कप्पा आकुंचन पावत नाही, नुसता थरथरतो. एव्ही नोड म्हणजे सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन समजा: सगळ्यांना आत सोडत नाही, पण कुणाला कधी सोडेल याचा नेम नाही. म्हणून नाडीला तालच उरत नाही. ईसीजीत पी लहर (वरच्या कप्प्यांच्या ठोक्याची खूण) गायब आणि दोन ठोक्यांमधलं अंतर दर वेळी वेगळं. त्यात भर म्हणजे डाव्या एट्रियमला लागून असलेल्या छोट्या पिशवीत रक्त साकळतं. ती गुठळी मेंदूत गेली की स्ट्रोक.

कॅथेटरचा, म्हणजे हृदयात नेलेल्या तारेचा, पहिला वार झाला तो वॉचमनवर. १९८२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या मेल्विन शाइनमन यांच्या गटाने मांडीतल्या शिरेतून तार आत नेऊन एव्ही नोडजवळ चक्क डिफिब्रिलेटरचा झटका दिल्याचं प्रसिद्ध केलं. शेकडो ज्यूल, अर्थात भूल देऊन. तारेच्या टोकाशी ठिणगी, वायूचा बुडबुडा, दाबाची लाट. नोड निकामी झाला, वर एएफ होतं तसंच राहिलं, आणि खालचे कप्पे चालवायला जन्माचा पेसमेकर आला. काही वयस्कर रुग्णांत नोड बंद करून पेसमेकर बसवण्याचा मार्ग आजही वापरतात, फक्त झटक्याच्या जागी आरएफ आलं.

पुढचा प्रश्न होता एएफ टिकतं कसं. गॉर्डन मो यांनी १९६० च्या सुमारास मांडलं होतं की अनेक छोट्या लहरी एकाच वेळी भटकत असतात आणि त्यांना फिरायला मोकळी जागा लागते. मग जागाच तोडली तर? सेंट लुईसच्या जेम्स कॉक्स यांनी १९८७ मध्ये छाती उघडून एट्रियम ठरावीक रेषांवर कापलं आणि पुन्हा शिवलं. व्रणातून वीज जात नाही, त्यामुळे लहरींना गोल फिरायला वाट उरत नाही. ही मेझ शस्त्रक्रिया. निकाल उत्तम, पण हार्ट-लंग मशीनवर ठेवून केलेलं ऑपरेशन. नुसत्या धडधडीसाठी कोण छाती उघडून घेणार? त्याच रेषा कॅथेटरने आतून काढायचे प्रयत्न १९९० च्या दशकात झाले. तासन्‌तास चालायचे आणि फळ बेताचंच.

आणि मग बोर्दो. फ्रान्समधल्या या गावी मिशेल हाइसागेर यांच्या गटाने टिकतं कसं हे बाजूला ठेवलं आणि सुरू कुठून होतं ते शोधलं. १९९८ चा तो शोधनिबंध मी दोनदा वाचला. ४५ रुग्ण. अवेळी ठोका उठून एएफ पेटवणारी ६९ ठिकाणं सापडली, त्यांतली ६५ डाव्या एट्रियममध्ये नव्हतीच. ती होती फुप्फुसांकडून रक्त आणणाऱ्या चार शिरांच्या आत, तोंडापासून २ ते ४ सेंटीमीटर खोल. एकट्या डाव्या वरच्या शिरेत ३१. हृदयाचा स्नायू बाहीसारखा या शिरांत शिरलेला असतो हे नाथान आणि एलियाकिम यांनी १९६६ मध्येच नीट लिहून ठेवलं होतं. तीस वर्षं कुणी त्या बाहीकडे एएफचा संशयित म्हणून फारसं पाहिलं नाही.

माझ्या मते सगळ्या इतिहासातली खरी उडी ही एवढीच. त्यानंतरची मेहनत म्हणजे त्या चार शिरांच्या तोंडाभोवती सलग, आरपार आणि कायमचा व्रण कसा पाडायचा, आणि ते करताना शेजारचं काही कसं जाळायचं नाही. आरएफ, क्रायो, पीएफए हे त्या एकाच कामाचे तीन मार्ग. पीएफएवर सविस्तर नंतर लिहितो, डोळे दुखायला लागले.

पामबीच_पळपुटा

वाचतोय काका. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

अवांतर: मी सीवूड्सहून पहाटे पाम बीचला पळतो, मॅरेथॉनची तयारी चालू आहे. आमच्या ग्रुपमधल्या एका पट्टीच्या सायकलवाल्याला एएफ निघालं तेव्हा सगळे चाट पडले. व्यायाम करणाऱ्यांनाही होतं?

डॉ_पाचपाखाडी

@पळपुटा, होतं. वर्षानुवर्षं अतिदीर्घ पल्ल्याचा व्यायाम करणाऱ्यांत, विशेषतः पुरुषांत, एएफचं प्रमाण वाढलेलं दिसतं. म्हणून पळणं सोडू नका. बैठ्या माणसाला होणारं नुकसान त्याहून कितीतरी मोठं आहे.

कॅथलॅबवाला, नवी मुंबई

वागळेकर काका, झकास लिहिलंय. मी डॉक्टर नाही, टेक्निशियन आहे, त्यामुळे टेबलाच्या या बाजूने जे दिसतं ते लिहितो.

१९९८ नंतर लोक उत्साहाने शिरेच्या आत, त्या त्या ठिकाणीच जाळायला लागले. व्हायचं ते झालं. भाजलेली शीर आकसायची, रुग्ण काही महिन्यांनी धाप आणि खोकला घेऊन परत यायचा. मग शहाणपण आलं. आतला उगम शोधत बसायचं नाही, बाहेर तोंडाशी गोल व्रण करून अख्खी शीर विजेपुरती तोडून टाकायची. आज ज्याला पीव्हीआय (पल्मनरी व्हेन आयसोलेशन) म्हणतात ते हेच. याच काळात हृदयाचा त्रिमितीय नकाशा पडद्यावर काढणारी यंत्रं आली, मिलानच्या कार्लो पापोने यांनी नकाशावर बघून शिरांभोवती मोठे गोल काढायची पद्धत रुळवली.

आरएफमध्ये काम टिंब टिंब करत चालतं. साडेतीन मिलिमीटरचं टोक, त्यातून सलाइनचा बारीक फवारा, म्हणजे टोकावर रक्त जळून चिकटत नाही. टोक किती ग्रॅमने टेकलंय तेही हल्लीची कॅथेटर सांगतात. आधी ते डॉक्टरच्या हातालाच कळायचं, किंवा कळायचं नाही. शिरेत एक गोल वळलेलं कॅथेटर ठेवलेलं असतं, त्याच्यावर शिरेचे टोकदार सिग्नल एकामागोमाग दिसत असतात. वर्तुळ पुरं होत आलं की ते सिग्नल उशिरा यायला लागतात, आणखी उशिरा, आणि एका टिंबाला सगळे एकदम सपाट. खोलीतले सगळे तेवढ्यासाठी मान वर करतात.

आता शेजारी. डाव्या एट्रियमच्या मागच्या भिंतीला अन्ननलिका अगदी खेटून असते, मध्ये काही मिलिमीटरच. २००४ मध्ये एट्रियम आणि अन्ननलिका यांच्यात भगदाड पडल्याच्या केसेस प्रसिद्ध झाल्या. फार विरळा, पण बहुतेक वेळा जीवघेणं. तेव्हापासून नाकातून तापमानाची प्रोब अन्ननलिकेत सोडतात आणि आकडा चढायला लागला की आमच्यापैकी कुणीतरी ओरडतं. मागच्या भिंतीवर ताकद आणि वेळ दोन्ही आखडतं घेतात.

क्रायोचं तंत्र वेगळं. २८ मिलिमीटरचा फुगा शिरेच्या तोंडात बुचासारखा बसवायचा, आत नायट्रस ऑक्साइड सोडायचा, तीन-चार मिनिटं गोठवायचं. वर्तुळ एका दमात. इथे भीती असते उजव्या फ्रेनिक नसेची, तिच्यावर श्वासपटल चालतं आणि ती उजव्या शिरांच्या बाजूनेच जाते. म्हणून गोठवताना वरून एक तार त्या नसेला सारखी टोचत राहते आणि आमच्यातला एकजण रुग्णाच्या बरगडीखाली तळहात ठेवून उभा असतो. दर टोचणीला पोट उडी मारतं. उडी मऊ पडली की लगेच गोठवणं बंद. एवढी कोटींची यंत्रं भोवती, आणि भिस्त एका तळहातावर. मला या कामातलं हे सगळ्यात आवडतं.

आरएफ बरं की क्रायो याचा सरळ सामना २०१६ मध्ये झाला, फायर अँड आइस. ७६२ रुग्ण. वर्षभरात अपयश एकीकडे ३५.९ टक्के, दुसरीकडे ३४.६. म्हणजे बरोबरी.

शंकासुर

सगळं ठीक आहे, पण मूळ प्रश्नाला कुणी हात घालत नाहीये. तीनात एकाला वर्षभरात परत येतं हे वरच्याच प्रतिसादात लिहिलंय. आणि आयुष्य वाढतं का? कॅबाना नावाची मोठी चाचणी झाली, २२०४ रुग्ण, २०१९ मध्ये छापून आली. मृत्यू, लुळं पाडणारा स्ट्रोक, गंभीर रक्तस्राव, हृदय बंद पडणं हे सगळं मिळून अ‍ॅब्लेशनवाल्यांत ८ टक्के, औषधवाल्यांत ९.२. संख्याशास्त्राच्या हिशेबाने फरक नाही. मग कॅथेटर कंपन्यांची धन का करायची? ज्याने पैसे मोजून प्रक्रिया करून घेतली त्याला बरं वाटणारच. घरात दीड टनाचा एसी बसवल्यावर उकडतंय असं कोण म्हणतो?

डॉ_पाचपाखाडी

शंकासुर, प्रश्न रास्त आहे. तुकड्यातुकड्याने घेतो.

कॅबानात औषधांच्या गटातल्या चौथ्या हिश्श्याहून जास्त लोकांनी मध्येच अ‍ॅब्लेशन करून घेतलं, आणि अ‍ॅब्लेशनच्या गटातल्या काहींनी केलंच नाही. त्यामुळे तुलना पातळ झाली. तरी निकाल तो निकाल: सरसकट सगळ्यांचं आयुष्य वाढतं असं त्यातून म्हणता येत नाही, आणि कुणी तसं सांगून विकत असेल तर सावध राहा. पण त्याच चाचणीत एएफ परत येण्याचं प्रमाण आणि रोजच्या जगण्याचा दर्जा या दोन्हींत अ‍ॅब्लेशन पुढे होतं.

आयुष्याचा फरक दिसला तो कमजोर हृदयाच्या रुग्णांत. कॅसल-एएफ, २०१८, ३६३ रुग्ण, सगळ्यांचं पंपिंग कमी. मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी भरती असं मिळून अ‍ॅब्लेशन गटात २८.५ टक्के, दुसऱ्यात ४४.६. हा फरक छोटा नाही.

एसीचा मुद्दा मला आवडला, कारण तो खरोखर तपासला गेलाय. २०२४ मध्ये ब्रिटनमध्ये १२६ रुग्णांवर शॅम-पीव्हीआय झाली. निम्म्यांना क्रायो, निम्म्यांना नुसतं नाटक, आणि आपल्याला काय मिळालं हे रुग्णाला माहीत नाही. प्रत्येकाच्या छातीत नोंद ठेवणारी चिप होती, म्हणजे वाटण्याचा प्रश्नच नाही. सहा महिन्यांत एएफमध्ये जाणारा वेळ खऱ्या गटात ६० टक्क्यांनी घटला, नाटकाच्या गटात ३५. नाटकातही ३५ हे विसरू नका, कारण एएफ स्वतःच वरखाली होत असतं. पण मधला फरक खरा आहे, आणि बरं वाटण्यातही तो दिसला.

अजून एक, कारण इथे कुणाच्या तरी कामाला येईल. एएफ सतत राहायला लागलं की डॉक्टरांना जास्त जाळायचा मोह होतो: आणखी रेषा, आणखी ठिपके. स्टार-एएफ २ नावाच्या चाचणीत २०१५ साली हे ताडून पाहिलं, ५८९ रुग्ण. नुसत्या पीव्हीआयने १८ महिन्यांनी ५९ टक्के लोक एएफमुक्त, वर रेषा काढल्या तर ४६. फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही, पण ज्यादा जाळून काही पदरात पडलं नाही एवढं नक्की. पहिल्याच खेपेला तुम्हाला कुणी लांबलचक यादी ऐकवली तर कारण विचारा.

शंकासुर

शॅमवाली माहीत नव्हती. वाचतो. (कंपन्यांबद्दलचं मत कायम!)

नेरूळकर_मावशी

मी एक विचारू का? मला लहानपणी सांधेताप आला होता, त्यातून झडप खराब झाली. मायट्रल स्टेनोसिस म्हणतात, म्हणजे झडप अरुंद होणं. फुगा घालून झडप उघडून झाली, तरी एएफ आहेच. मी अ‍ॅसिट्रॉम ही रक्त पातळ ठेवायची गोळी घेते आणि आयएनआर (रक्त किती पातळ आहे ती तपासणी) करायला महिन्याला लॅबच्या पायऱ्या चढते. सून म्हणते, आई, नवीन गोळ्यांना रक्त तपासावं लागत नाही, त्या का नाही घेत? आणि हे अ‍ॅब्लेशन माझ्यासाठी आहे का?

डॉ_पाचपाखाडी

मावशी, सुनेचा हेतू चांगला आहे, पण तुमच्या आजारात अ‍ॅसिट्रॉमच बरी. २०२२ मध्ये इन्व्हिक्टस नावाची चाचणी आली, सांधेतापाने झडप बिघडून एएफ झालेल्या साडेचार हजारांवर रुग्णांची. त्यात अ‍ॅसिट्रॉमच्या घराण्यातली औषधं घेणारे रिव्हारोक्साबॅन (सून म्हणते त्या नवीन गोळ्यांपैकी एक) घेणाऱ्यांपेक्षा जास्त जगले, आणि रक्तस्राव काही वाढला नाही. सगळ्यांना वाटलं होतं उलटं निघेल. पाश्चात्त्य देशांत हा आजार जवळपास संपलाय, म्हणून इंटरनेटवर जे वाचाल ते बहुतेक तुमच्यासाठी लिहिलेलं नसतं.

अ‍ॅब्लेशनच्या वरच्या सगळ्या चाचण्यांत तुमच्यासारखे रुग्ण जवळजवळ नाहीतच. तुमचं एट्रियम वर्षानुवर्षं दाबाखाली ताणलेलं आहे, भानगड फक्त चार शिरांची नाही. झडपेचं ऑपरेशन करायची वेळ आलीच तर त्याच वेळी मेझ करता येईल का हे सर्जनना विचारा. आणि पालेभाजी सोडू नका. रोज साधारण सारखी खा, म्हणजे आयएनआर उड्या मारणार नाही.

नेरूळकर_मावशी

बरं झालं विचारलं. सुनेला हे वाचायला देते, माझ्या तोंडून पटत नाही.

जुना_वागळेकर (धागाकर्ता)

आता पीएफए, पल्स्ड फील्ड अ‍ॅब्लेशन. इथे मात्र आम्ही इलेक्ट्रिकलवाले खूश.

यात ना उष्णता ना थंडी, निदान कामासाठी नाही. काही मायक्रोसेकंदांच्या, हजार-दोन हजार व्होल्टच्या स्पंदांची माळ सोडायची. पेशीच्या आवरणाला भोकं पडतात आणि ती बुजत नाहीत, पेशी मरते. हृदयाच्या स्नायूची पेशी इतरांपेक्षा कमी तीव्रतेच्या क्षेत्रात मरते, म्हणून अन्ननलिका आणि नस बऱ्याच अंशी वाचतात. शाइनमनच्या झटक्यातही हे थोडंफार होत असणार, पण तिथे ठिणगी आणि स्फोट सगळं झाकून टाकायचे. हॉलंडमधल्या उट्रेख्टच्या फ्रेड विटकॅम्फ यांनी तोच जुना डीसी झटका ठिणगीविना, गोल कॅथेटरमधून देऊन पाहिला. विवेक रेड्डी आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये माणसांवरचे पहिले अनुभव छापले. अमेरिकेत पहिल्या यंत्राला डिसेंबर २०२३ मध्ये आणि दुसऱ्याला जानेवारी २०२४ मध्ये मान्यता मिळाली. चाळीस वर्षांनी गाडी झटक्यावरच आली, फरक एवढाच की स्पंदाचा आकार, ज्याला आम्ही वेव्हफॉर्म म्हणतो, तो आता कह्यात आहे.

पण माझा मुद्दा पुढे आहे. अ‍ॅडव्हेंट चाचणीत, २०२३, ६०७ रुग्ण, पीएफए विरुद्ध आरएफ-क्रायो असा सामना झाला. वर्षभरात यश ७३.३ टक्के विरुद्ध ७१.३. वाचलात ना? पीएफएने वेळ वाचला, शेजारी वाचले, पण बरं होण्याचा आकडा जागचा हलला नाही. मला वाटतं कारण उघड आहे: सगळ्यांचं लक्ष्य तेच, १९९८ मध्ये सापडलेल्या चार शिरा. ज्याचं एएफ शिरांतून उठत नाही, त्याला कुठल्याही यंत्राने तितकाच फरक पडणार. पत्रकावर नवीन पिढी असं ठळक छापलंय, ते सुरक्षिततेपुरतं आणि वेळेपुरतं मान्य. त्यासाठी किती जास्त पैसे मोजायचे हे ज्याचं त्याने ठरवावं.

कॅथलॅबवाला, नवी मुंबई

काका, शंभर टक्के अनुमोदन. दोन पुरवण्या.

एक, पीएफएला स्वतःचे त्रास आहेत. स्पंद सोडला की छातीचे स्नायू उसळतात, खोकला येतो, म्हणून गाढ गुंगी किंवा पूर्ण भूल लागते. तांबड्या पेशी फुटतात, खूप स्पंद दिले तर लघवी काळपट लाल होते आणि मूत्रपिंडावर ताण येतो. म्हणून सलाइन भरपूर. हृदयाच्या धमनीजवळ दिले तर ती आचके देऊ शकते, त्यासाठी नायट्रोग्लिसरीन तयार ठेवतात. १७ हजारांवर रुग्णांची जी मोठी नोंद २०२४ मध्ये आली तिच्यात अन्ननलिकेचं भगदाड एकही नव्हतं, मूत्रपिंड बंद पडून डायलिसिस लागलेले पाच होते.

दोन, हे फ्रिजवर चिकटवून ठेवा, आरएफ किंवा क्रायो झालेल्यांनी तर नक्कीच. प्रक्रियेनंतर आठवड्यापासून दोनेक महिन्यांपर्यंत ताप, गिळताना दुखणं, छातीत दुखणं, बोलण्यात अडखळणं यातलं काही झालं तर गल्लीतल्या दवाखान्यात अँटिबायोटिक घेत बसू नका. ज्यांनी अ‍ॅब्लेशन केलं त्यांना फोन करा. छातीचा सीटी लागतो. एंडोस्कोपी करू द्यायची नाही, त्यात हवा भरतात आणि ती भगदाडातून मेंदूकडे जाऊ शकते.

खारघरकर

हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं! बाबांचं आरएफ झालं, डिस्चार्ज कार्डावर औषधं आणि पुढची तारीख, बस. तिसऱ्या आठवड्यात पुन्हा धडधड सुरू झाली तेव्हा घरात रडारड, पैसे पाण्यात गेले म्हणून. नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी समजावलं की पहिले दोन-तीन महिने भाजलेला भाग सुजलेला असतो, त्या काळातली धडधड अपयशात मोजत नाहीत. तसंच झालं, आपोआप थांबली. एक वाक्य आधी सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?

@डॉक्टर, बाबांची अपिक्साबॅन (रक्त पातळ ठेवायची गोळी) आता बंद करता येईल ना? वय ७४, बीपी आणि शुगर दोन्ही.

डॉ_पाचपाखाडी

स्वतःहून अजिबात नाही. अ‍ॅब्लेशननंतर किमान दोन महिने ती सगळ्यांनाच लागते. पुढे चालू ठेवायची की नाही हे ठोका सरळ झाला यावर नाही, स्ट्रोकच्या धोक्यावर ठरवतात. ७४ वय, बीपी, शुगर म्हणजे धोका चांगलाच आहे. एएफ गुपचूप येऊन जाऊ शकतं, बाबांना कळणारही नाही.

आणि वागळेकर काका, तुम्ही यंत्रांवर एवढं लिहिलंत, स्वतःचं वजन आणि झोप यांच्यावर एक ओळ नाही! ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडच्या लेगसी अभ्यासात, २०१५, वजन दहा टक्के किंवा जास्त उतरवून टिकवणाऱ्यांत एएफमुक्त राहण्याची शक्यता सहापट निघाली. घोरत असाल तर स्लीप स्टडी करा, बीपी आवरा, पेगची सवय असेल तर सोडा. हे न करता अ‍ॅब्लेशन केलं तर परत येण्याची शक्यता तुम्हीच वाढवता.

जुना_वागळेकर (धागाकर्ता)

घोरण्याबद्दल सौ.ने हा प्रतिसाद वाचून विजयी मुद्रेने चहा दिला, बिनसाखरेचा. स्लीप स्टडीची तारीख घेतली आहे. अ‍ॅब्लेशन करायचं हे नक्की, फक्त पीव्हीआय, आणि यंत्रापेक्षा डॉक्टर वर्षाला किती करतात हे विचारून ठरवणार.

@कॅथलॅबवाला, एकच व्यवहाराचा प्रश्न. नंतर घोडबंदर रोडवर मानपाड्यापर्यंत स्कूटर किती दिवसांनी?

कॅथलॅबवाला, नवी मुंबई

जांघेतल्या शिरेत सुईचं भोक असतं काका. पहिले काही तास पाय सरळ ठेवून आडवं पडायचं. साधारण आठवडाभर वजन उचलणं नाही, उकिडवं बसणं नाही, किक मारणं तर नाहीच, आणि नक्की दिवस तुमचे डॉक्टर सांगतील. भोकाच्या जागी गाठ वाढताना दिसली तर बोटांनी घट्ट दाबून धरा आणि लगेच हॉस्पिटल गाठा. घोडबंदरच्या खड्ड्यांसाठी मी अजून आठवडा वाढवला असता.